पऱ्हाटी नसलेला मुलूख

मे महिन्यात यवतमाळात दुपारी बारा ते पाच या वेळात माणसाने करायच्या गोष्टी तीनच. कूलरसमोर पडणे, कूलरमध्ये पाणी टाकणे आणि पुन्हा कूलरसमोर पडणे. निवृत्त झाल्यापासून या तिन्ही गोष्टी मी मन लावून करतो. यंदा त्यात चौथी घुसली. मुलीचा मुलगा सुटीत पुण्याहून आला आणि येताना बापाचा जुना लॅपटॉप घेऊन आला.

"आबा, तुम्ही माइनक्राफ्ट खेळणार?"

मी जन्मभर कापसाचा ग्रेडर होतो. मूठभर कापूस घ्यायचा, चिमटीत ओढायचा आणि धागा किती, ओल किती, कवडी किती हे गाडीवाल्याची विडी संपायच्या आत सांगायचं, हा धंदा. अशा माणसाला कशाबद्दलही मत विचारलं की तो आधी हात पुढे करतो. म्हटलं, "दाखव तुझा माल."

माल पाहून पहिलं मत वाईट झालं. सगळंच चौकोनी. झाड चौकोनी, गाय चौकोनी, ढग चौकोनी. सूर्य उगवला तोही बर्फीच्या वडीसारखा. मी म्हटलं, हे अर्धवट राहिलं दिसते. नातू म्हणाला, नाही आबा, हे असंच आहे. मग त्याने या खेळाची कुंडली सांगितली. स्वीडनमधल्या एका माणसाने २००९ साली हा खेळ लोकांपुढे ठेवला, २०११ मध्ये तो पूर्ण झाला म्हणून जाहीर केलं आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. २०२३ पर्यंत ३० कोटींहून जास्त प्रती खपल्या. अडीच अब्ज डॉलर ऐकल्यावर मला तो सूर्य थोडा गोल दिसू लागला.

"खेळायचं काय पण?"

"काहीही."

"काहीही म्हणजे?"

"म्हणजे ओपन वर्ल्ड आहे. कुठेही जा, काहीही करा. फक्त जगायचं."

नुसतं जगायचं, याला खेळ म्हणतात हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. आमच्याकडे याला कोरडवाहू शेती म्हणतात.

सुरुवातीला माणूस एका माळावर उभा असतो. अंगावरच्या कपड्यांशिवाय जवळ काही नाही. सूचना नाही, पाटी नाही, विचारायला पानठेला नाही. नातू म्हणाला, आधी झाडाला बुक्की मारा. मी झाडाकडे पाहिलं आणि हात आखडला. आमच्या जिल्ह्यात सागाच्या झाडाला असा दिवसाढवळ्या हात लावत नाहीत. स्वतःच्या धुऱ्यावरचा साग असला तरी आधी परवानगी, मग लाकडावर हातोड्याचा ठोका, मग वाहतुकीचा पास. इथे तर नुसत्या बुक्क्यांनी बुंध्याचा एक चौकोन निघाला, दुसरा निघाला आणि वरचं झाड पडायचं सोडून अधांतरी तसंच राहिलं. मी मागे वळून पाहिलं. वनरक्षक नव्हता. तेव्हा कुठे तिसरी बुक्की मारली.

या जगातला दिवस वीस मिनिटांचा. दहा मिनिटं ऊन, बाकी संध्याकाळ, रात्र आणि पहाट. मी लाकडं मोजत बसलो आणि तेवढ्यात अंधार पडला. नातू ओरडायला लागला, "आबा, घर बांधा! घर!" आमचं वाघापूर रस्त्याचं घर बांधायला मला साडेतीन वर्षं लागली होती, चार मिनिटांत कुठून बांधणार? शेवटी मी जिथे उभा होतो तिथेच खड्डा खणला, आत उतरलो आणि वर मातीचं ढेकूळ ओढून घेतलं. पहिली रात्र मी स्वतःला जिवंत पुरून काढली. वर भुतं घों घों करत फिरत होती. आमची सौ. चहा घेऊन आली आणि काळ्याकुट्ट पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"लाइन गेली काय जी?"

"नाही, मी खड्ड्यात हाओ."

"थे त दिसूनच राह्यलं," म्हणाली आणि कप ठेवून गेली.

खरं सांगायचं तर त्या खड्ड्यात मला परकं वाटलं नाही. लहानपणी वडिलांबरोबर राळेगावकडच्या शेतात जागल केली आहे. रात्री खोपडीत पडायचं, मध्येच उठून डबा वाजवायचा, अंधारात खुसफुस झाली की रानडुक्कर की रोही ते आवाजावरून ओळखायचं. फरक एवढाच, की खेळातली भुतं ऊन पडलं की पेटून मरतात. रोही ऊन पडल्यावर शेजारच्या वावरात जातो आणि संध्याकाळी परत येतो.

एक प्राणी मात्र उन्हातही मरत नाही. त्याला क्रीपर म्हणतात. हिरवा, बिनहाताचा, चार आखूड पायांचा, चेहरा अख्ख्या गावावर रुसल्यासारखा. तो मागून आवाज न करता येतो, कानाशी फुस्स करतो आणि स्वतःसकट फुटतो. तुम्ही बांधलेली भिंत, तुमची पेटी आणि तुम्ही, सगळं जातं. नातवाने सांगितलं, की खेळ करणारा डुक्कर काढत होता, त्यात लांबी-उंचीचे आकडे उलटेपालटे पडले आणि हा तयार झाला. आकड्यांच्या चुकीतून जन्मलेला, आवाज न करता येणारा आणि बांधलेलं सगळं उडवून देणारा प्राणी. मी इतकी वर्षं कापसाचे हिशेब पाहिलेत. मला क्रीपर नवीन नाही.

त्याने मला दुसऱ्याच दिवशी मारलं. पडदा लाल झाला आणि खाली बटण आलं: परत जन्म घ्या. चौऱ्यांशी लाख योनींचा फेरा नाही, तेरवी नाही, की कोण आलं-कोण नाही याचा हिशेब नाही. दाबा आणि या. सामान मात्र मेल्या जागी सांडलेलं असतं आणि तिथे पोचल्यापासून पाच मिनिटांत उचललं नाही तर हवेत विरून जातं. मी धावत सुटलो. वाट चुकलो. वाटेत परत मेलो. एका दुपारी माझे सात जन्म झाले आणि सातही जन्मी मी तीच लाकडी कुऱ्हाड शोधत होतो.

भूक दाखवायला खाली दहा तंगड्या काढल्या आहेत. हो, कोंबडीच्या. माणूस धावला, उड्या मारल्या, मारामारी केली की एकेक तंगडी कमी होते. नुसता उभा राहिला तर भूक लागत नाही. मला हे शास्त्र पटलं नाही. निवृत्तीनंतरचा माझा सगळा अनुभव बरोबर उलटा आहे. सौ. माळकरी. तिने चष्मा लावून पडद्याच्या खालची ती रांग निरखली.

"चतुर्थी हाय आज. अन् तुम्ही दहा तंगड्या मांडून बसले."

"खात नाही, मोजून राह्यलो."

"मोजायले भाकरी नाही भेटली त्याईले?"

भाकरी नाहीच तिथे. ज्वारी नाही, तूर नाही, हरभरा नाही. गहू आहे, तीन पेंढ्यांचा एक पाव होतो. गाजर, बटाटा, बीट, ऊस आहे. शेती करायची ती अशी: कुदळीने माती खरवडा, बी टाका, चार चौकोनांच्या आत कुठेतरी पाणी असू द्या. बस. हाडांची पूड टाकली तर पीक डोळ्यांदेखत वाढतं. तण येत नाही, म्हणून निंदण नाही. डवरणी नाही. फवारणी नाही. एक ससा तेवढा गाजर खातो, बाकी कोणताही प्राणी पिकाकडे मान वर करून पाहत नाही. पिकाचं नुकसान करणारा मुख्य प्राणी म्हणजे शेतात उड्या मारणारा मालक स्वतः.

पण माझी बोलती बंद केली ती पाण्याने. तीन लोखंडी विटांची एक बादली होते. दोन बाय दोनचा खड्डा खणायचा आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक बादली पाणी ओतायचं. झालं. तो खड्डा आता कधीच आटत नाही. एक बादली काढा, तो भरलेला. शंभर काढा, भरलेला. मी काढतच राहिलो. नातू कंटाळला, म्हणाला, आबा, कळलं ना? मी म्हटलं, थांब. त्याला काय सांगणार? २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह, यवतमाळला पाणी पाजणारी दोन्ही धरणं तळाला गेली होती. टँकर आल्याचा आवाज आम्ही झोपेतही ओळखायचो. गल्लीतली लग्नं टँकर पाहून ठरत होती. त्या वर्षी कोणी मला दोन बादल्यांचा हा खड्डा दाखवला असता तर मी त्याला शेंदूर लावला असता.

सौ.ला बोलावून दाखवलं. तिने चारदा बादली काढताना पाहिली, मग स्वयंपाकघरात गेली आणि आतून म्हणाली, "कूलरमधलं संपलं. त्या खड्ड्यातलं आणून टाका."

बाजाराचंही असंच. हिंडता हिंडता एखादं गाव लागतं. तिथली माणसं हात अंगरख्यात घालून, जोडलेल्या भुवया वर करून नुसतं "हूं" म्हणतात. त्यातला शेतकरी वीस पेंढ्या गहू घेतो आणि एक पाचू देतो. सकाळी वीस, दुपारी वीस. ओल जास्त आहे म्हणत नाही. आज बारदाना नाही, उद्या या, म्हणत नाही. खूपच माल आणला तर दुकान घटकाभर बंद करतो, मग आपल्या कामाच्या जागी जाऊन येतो आणि परत घ्यायला लागतो. त्याने माझ्या गव्हात हातसुद्धा घातला नाही. ग्रेडर म्हणून मला त्याचा थोडा रागच आला.

आता मूळ मुद्दा.

तिसऱ्या दिवशी मला खाट करायची होती. खाटेवर झोपलं की रात्र चुटकीसरशी सरते, खड्ड्यात पुरून घ्यावं लागत नाही. खाटेला लागतात तीन फळ्या आणि तीन लोकरीचे ठोकळे.

"लोकर कायले? गादी कापसाची करू."

"कापूस..." नातवाने यादी वर-खाली केली. "मला नाही वाटत आहे म्हणून."

"नीट पाह्य. कुठं तरी असंल."

मला ते पटेचना. एवढा मोठा मुलूख! नातवाने सांगितलं, की संगणकावरच्या मूळ खेळात हे जग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा कोटी चौकोन आहे आणि एक चौकोन म्हणजे एक मीटर. मी जिनिंगच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. साठ हजार किलोमीटर लांब, साठ हजार रुंद, म्हणजे तीनशे साठ कोटी चौरस किलोमीटर. पृथ्वीच्या सातपट. आपला जिल्हा साधारण साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा. त्या जगात दोन लाख साठ हजारांहून जास्त यवतमाळ जिल्हे बसतात, आणि त्यातल्या एकातही कापूस नाही? आमच्या एका जिल्ह्यात उभं राहून पाहिलं तर काहीच बसत नाही, कापूसच बसतो.

म्हणून मी निघालो. लोक या खेळात हिरे शोधायला निघतात, मी पऱ्हाटी शोधायला निघालो. काळी जमीन दिसली की थांबायचो. दोन दिवस चाललो. बाभळीसारख्या झाडांचा माळ लागला, तेव्हा वाटलं, आलं बाभूळगाव. पुढे वाळवंट, मग बर्फ. एके ठिकाणी बांबूचं रान आणि त्यात पांडा. वाघ कुठेच नाही. लांडगा आहे, कोल्हा आहे, पांढरं अस्वल आहे, वाघ नाही. हेही मला खटकलं. कापूस नाही आणि वाघ नाही. स्वीडनच्या माणसाला आमचा जिल्हा कोणी सांगितलाच नव्हता.

रात्री गच्चीवर गाद्या टाकल्यावर नातू म्हणाला, "आबा, खऱ्या जगात असं कुणी फिरतं का? नकाशा नसताना?"

मी त्याला टिपेश्वरचा वाघ सांगितला. पांढरकवड्याकडे आमचं टिपेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं. तिथल्या एका तरण्या वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये पट्टा बांधला, उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारा. पावसाळ्याच्या तोंडाला गडी निघाला. तेलंगणात गेला, परत महाराष्ट्रात आला. पऱ्हाटीतून, नाल्यांतून, हमरस्ते ओलांडत, बहुतेक रात्रीचाच चालत राहिला आणि डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पट्ट्याच्या नोंदी धरल्या तर त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या घरात जाते. भारतात कोणत्याही वाघाची इतकी लांब वाटचाल नोंदलेली नव्हती.

"मग? तिथे काय मिळालं त्याला?"

"काही नाही. तिथं वाघीणच नव्हती."

नातू बराच वेळ चांदण्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुमचा कापूस."

पोट्टं पुण्यात वाढलं तरी रक्त वऱ्हाडचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला दूरच्या टेकडीवर पांढरं दिसलं. हिरव्यावर पांढरं, ठिपके ठिपके, जसं दिवाळीच्या आगेमागे वेचणीला आलेलं वावर दुरून दिसतं. मी खुर्चीतून उठलोच. "थे पाह्य! फुटला कापूस!" सौ. पोळ्या टाकता टाकता लाटणं घेऊन बाहेर आली. सीतादही केल्याशिवाय वेचणीला हात लावायचा नाही असं तिने तिथूनच बजावलं. मी धावलो, दोन तंगड्या भूक संपवली, टेकडी चढलो.

मेंढ्या होत्या.

नऊ पांढऱ्या मेंढ्या. त्यातली एक माझ्याकडे पाहून बें म्हणाली. मी तिच्या लोकरीला ग्रेड दिली नाही, पण देणार असतो तर वरची दिली नसती.

त्यावर नातवाने शेवटचा घाव घातला. म्हणाला, लोकर नको असेल तर सूत आहे की. "सूत?" "हो, कोळी मारला की सूत मिळतं. चार सुतांचा लोकरीचा एक ठोकळा होतो." कोळी! सरकी नाही, रुई नाही, गाठ नाही; कोळ्याच्या पोटातून सूत आणि सुतापासून लोकर. मी लॅपटॉप मिटला आणि दिवसभर त्याला हात लावला नाही.

तो परत उघडायला लावलं रुळांनी. खेळात लोखंडी रूळ आहेत हे मला सहाव्या दिवशी कळलं आणि माझ्या डोक्यात शकुंतला आली. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी, अडीच फुटी रुळांवरची आमची गाडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका इंग्रज कंपनीने ती टाकली, वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला नेता यावा म्हणून. इंजिनही मँचेस्टरहूनच आलं होतं, १९२१ सालच्या बांधणीचं. ते १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं, मग गाडीच बंद पडली. मी नातवाला म्हटलं, आपण शकुंतला चालू करू.

गणित मांडलं. अंतर ११३ किलोमीटर, म्हणजे एक लाख तेरा हजार चौकोन. सहा लोखंडी विटा आणि एक काडी यांचे सोळा रूळ होतात. म्हणजे ४२,३७८ विटा. गाडीचा वेग सेकंदाला आठ मीटर धरला तर मूर्तिजापूर चार तासांत. खरी शकुंतला चार तासांत मूर्तिजापूरला पोचली असती तर यवतमाळात पेढे वाटले असते. शेवटी एका चौकोनाला शंभर मीटर असं प्रमाण ठरलं आणि काम ४२६ विटांवर आलं.

दोन दिवस आम्ही खाण खणली. आधी कोळसाच कोळसा निघाला. वणीकडच्या माणसाला यात नवल नाही. मग लोखंड. चढावर गाडी ढकलायला सोनं घातलेले रूळ लागतात हे ऐकून सौ. दारात थबकली.

"सोन्याचे रूळ?"

"थोडेच. तीसेक."

"एकतीस वर्सं झाली, मी एक पोत मांगून राह्यली."

त्या दिवशी भाजीत सांबार नव्हता. नातवाला कळेना, भाजीत सांबार कशाला. मग त्याला कोथिंबीर समजावून सांगण्यात माझं जेवण निघून गेलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी रूळ पुरे झाले. यवतमाळ स्टेशनावर मी फळ्यांचा फलाट केला, पाटी लावली. दारव्ह्याला एक, कारंज्याला एक. मूर्तिजापूरला मोठ्या गाडीसाठी जागा सोडली. खालच्या घरचे भाडेकरू, त्यांची दोन पोट्टी, सौ., सगळे लॅपटॉपभोवती जमले. गाडी रुळावर ठेवली. नातू म्हणाला, "आबा, सोडू?"

"थांब. रिकामी कशी सोडतं? माल भर."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. माल काय भरायचा? शकुंतला ज्या मालासाठी टाकली तो माल त्या सात पृथ्व्यांत कुठेही नव्हता. गव्हाच्या पेंढ्या भरू, नातू म्हणाला. गव्हासाठी कोणी शकुंतला टाकत नाही, मी म्हणालो. एवढ्यात फलाटाच्या मागून बें असा आवाज आला. टेकडीवरच्या मेंढ्यांपैकी एक हिंडत हिंडत स्टेशनात शिरली होती. नातवाने गाडी मागे घेतली, मेंढीला धक्का लागला आणि ती आपसूक गाडीत जाऊन बसली, पाय पोटाशी घेऊन, तोंड मूर्तिजापूरकडे करून. भाडेकरूंच्या पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी कळ दाबली. गाडी निघाली. पांढरा ठिपका फलाट सोडून माळावर गेला, लहान होत गेला. चष्मा काढून पाहिलं तर दुरून तो अगदी रुईचा गठ्ठाच वाटत होता.

"तिकीट काढलं काय तिचं?" सौ.ने विचारलं.

"शकुंतलेत कोण काढते?"

"मंग बराबर हाय," म्हणाली आणि कूलरमध्ये पाणी टाकायला गेली.